न पाहिलेल्या प्राण्याचा अभ्यास

चीनमधील सोंग घराण्याचा सम्राट ह्वेइत्सोंग याच्या चित्रसंग्रहाची जी सूची 1120 च्या सुमारास सिद्ध झाली, तिच्यात चित्रांचे विषयवार दहा वर्ग केलेले असून निसर्गदृश्ये, फुले-पक्षी, मनुष्याकृती यांच्या जोडीला ‘ड्रॅगन आणि मासे’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. ज्याला कोणीही पाहिलेले नाही त्या प्राण्याला रोजच्या पाहण्यातल्या माशांच्या शेजारी बसवणारी ही विभागणी त्या काळच्या चित्रकारांची एक ठाम भूमिका सांगते: ड्रॅगन काढणे म्हणजे कल्पनेला मोकळे सोडणे नव्हे, तर ती शिकण्याची, घोटण्याची आणि चुकत-सुधारत हाती येणारी विद्या आहे.

या भूमिकेला जुना विरोधही होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या हान फेइ या विचारवंताच्या ग्रंथात एक चित्रकार छी राज्याच्या राजाला सांगतो की, कुत्रा आणि घोडा काढणे सर्वांत अवघड, कारण ते सदैव लोकांच्या नजरेसमोर असतात, आणि भुतेखेते काढणे सर्वांत सोपे, कारण त्यांना रूपच नसते. हे म्हणणे ग्राह्य धरले, तर ड्रॅगनच्या चित्रात चूक नावाची गोष्टच उरत नाही, आणि जिथे चूक होऊ शकत नाही तिथे प्रगतीलाही वाव राहत नाही.

अकराव्या शतकात ग्वो रुओश्यू या कलासमीक्षकाने आपल्या ग्रंथात ड्रॅगन काढण्याची जी रीत नोंदवली, तिने ही अडचण व्यवहारात सोडवली असे म्हणता येते. तिच्यानुसार ड्रॅगनचे शरीर तीन खंडांत बांधायचे, म्हणजे डोक्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून शेपटीपर्यंत. त्यानंतर ‘नऊ साम्ये’ सांभाळायची. शिंगे हरणाची, डोके उंटाचे, डोळे पिशाच्चाचे, मान सापाची, पोट मोठ्या शिंपल्याचे, खवले माशाचे, नखे गरुडाची, तळवे वाघाचे आणि कान बैलाचे, अशी ती यादी आहे. डोळ्यांचा अपवाद सोडला, तर यातील प्रत्येक अवयव कुठे ना कुठे प्रत्यक्ष पाहून तपासता येण्याजोगा आहे, त्यामुळे संपूर्ण प्राणी अदृश्य असला तरी त्याचा तुकडा न् तुकडा परीक्षेला उभा राहतो.

ग्वोच्या विवेचनातील बारकावे तर हातात कुंचला धरणाऱ्या माणसाचे वाटतात. आयाळीचे आणि कोपरावरचे केस जोमदार, वेगवान फटकाऱ्यांनी काढावेत, ते थेट मांसातून उगवलेले दिसले पाहिजेत, असे तो बजावतो. वरून चिकटवल्यासारखे केस हा नवशिक्याचा दोष आजही सहज ओळखू येतो. उघड्या तोंडाचा ड्रॅगन साधणे सोपे आणि मिटलेल्या तोंडाचा कठीण, हेही त्याचे निरीक्षण आहे. दात, जीभ आणि जबडा यांचा देखावा प्रेक्षकाला भेदरवण्याचे काम परस्पर करून टाकतो, पण तोंड मिटले की सगळा दरारा डोळ्यांतून, कपाळातून आणि मानेच्या ताणातून आणावा लागतो, आणि चित्रकाराची खरी तयारी तिथेच कळते.

नियमांची ही चौकट पचवून तिच्या पलीकडे गेलेला चित्रकार म्हणजे दक्षिण सोंग काळातील छन रोंग. 1235 मध्ये राजसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या अधिकाऱ्याने 1244 मध्ये रंगवलेली ‘नऊ ड्रॅगन’ ही गुंडाळी, म्हणजे उजवीकडून डावीकडे उलगडत पाहायचे आडवे चित्र, आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. सुमारे साडेनऊ मीटर लांबीच्या त्या कागदावर शाई आणि किंचित तांबडा रंग एवढ्याच सामग्रीत कडे, लाटा, ढग आणि नऊ शरीरे उभी राहतात. मद्याच्या नशेत हा माणूस डोक्यावरची टोपी शाईत बुडवून कागदावर फासत असे आणि नंतर कुंचल्याने आकार पुरा करीत असे, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी धरली तरी तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे, कारण फासलेल्या डागातून नेमका खांदा कुठे निघतो हे ज्याच्या हाताला आधीच ठाऊक असते, त्यालाच असा डाग परवडतो.

जपानमध्ये ही विद्या प्रामुख्याने नकलेतून रुजली. तेथील कानो घराण्याच्या चित्रशाळेत शिष्य ‘फुनपोन’ म्हणजे गुरुपरंपरेतील नमुनाचित्रे वर्षानुवर्षे उतरवत असत, आणि त्याच घराण्यातील कानो तान्यू याने सतराव्या शतकात क्योटोच्या म्योशिन-जी मठाच्या सभागृहाच्या छतावर काढलेला ड्रॅगन खाली कुठेही उभे राहिले तरी आपल्याकडेच रोखून पाहतो असे भासते.

युरोपात लिओनार्दो दा विंचीनेही स्वतंत्रपणे तोच मार्ग सांगितला, ही गोष्ट विलक्षण आहे. काल्पनिक प्राणी, समजा ड्रॅगन, खरा वाटायला हवा असेल तर डोके शिकारी कुत्र्याचे, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या आणि मान कासवाची घ्यावी, असा त्याचा उपदेश आहे. विंडसरच्या राजसंग्रहातील त्याच्या एका कागदावर झोपलेली, अंग चाटणारी, दबा धरलेली, झोंबाझोंबी करणारी मांजरे दाटीने रेखाटलेली आहेत, आणि त्यांच्या गर्दीतच मान मागे वळवलेला एक लहानसा ड्रॅगन आहे. खाली शरीराच्या वाकण्या-ताणण्याविषयी टिपण असून, सिंह ज्यांचा अग्रणी त्या प्राण्यांचा कणा लवचिक असतो, असे त्यात म्हटले आहे. कणा मांजराकडून शिकला आणि ड्रॅगनला दिला, हा सरावाचा क्रम त्या एकाच कागदावर डोळ्यांना दिसतो. अभ्यासाचा इतका बोलका पुरावा पूर्ण झालेली चित्रे क्वचितच देतात.

जपानी चित्रकार होकुसाई याने ऐंशी ओलांडल्यावर, 1842-43 मध्ये, अरिष्ट टळावे म्हणून रोज सकाळी एक सिंह काढण्याचे व्रत घेतले होते, आणि तारखा घातलेले त्यातील दोनशेहून अधिक कागद उरले आहेत. सिंह जपानात आढळत नसल्याने हाही परंपरेतूनच आलेला प्राणी होता. त्यानंतर 1849 च्या आरंभी, मृत्यूपूर्वी काही महिने, त्याने फुजी पर्वतामागून उसळणाऱ्या काळ्या धुरातून वर जाणारा ड्रॅगन रंगवला. ते चित्र ओबुसे येथील होकुसाई संग्रहालयात असून, आपण ड्रॅगनच्या वर्षी जन्मलो आणि हे चित्र ड्रॅगनच्या दिवशी काढले, अशी नोंद नव्वद वर्षांच्या त्या वृद्धाने त्यावर स्वतःच्या हाताने केलेली आहे.