फडकं आणि कँडल

आमच्या लहानपणी केज भागात पाणी गाळायचं म्हणजे फडकं, एवढंच ठाऊक. १९७२च्या दुष्काळात बारवेचा तळ दिसू लागला, तवा माय वाटीनं घागर भरायची आणि घरी येऊन चार पदरी लुगड्याच्या फडक्यातून गाळायची.

बारवेत लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचे, तिथूनच प्यायचं पाणी न्यायचे. त्यातून नारू व्हायचा. त्याची पिलं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या किड्यात असतात. किडा पोटात गेला, की वर्षभरानं दीड-दोन हात लांबीचा जंत पायातून निघायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस खाटंवर. १९८३-८४ला देशात नारू निर्मूलनाची मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, बारीक विणीच्या फडक्यातून पाणी गाळा, असं सांगणं होतं. शेवटचा रोगी १९९६ला राजस्थानात सापडला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. फडकं रोज धुणं, एकाच बाजूनं लावणं, हे घरोघर बायांनी केलं. त्यांचं नाव कुणी घेत नाही.

पण फडक्यात किडा अडतो, जुलाबाचा जंतू अडत नाही. त्याला कँडल लागते. १८८४ला पाश्चरचा सहकारी शांबरलाँ यानं चकाकी न दिलेल्या चिनी मातीच्या नळीतून पाणी गाळून जंतू अडवले. आपला दोन डब्यांचा स्टीलचा फिल्टर त्याच जातीचा. वरचं पाणी आपल्याच भारानं खाली झिरपतं. वीज लागत नाही, म्हणून ऊसतोडीच्या टोळीसंगं कोपीवरही नेता येतो.

तिकडं पाटाचं पाणी गढूळ. तुरटी फिरवून निवळू द्यावं, मग फडक्यातून वरच्या डब्यात ओतावं. धार मंदावली की कँडल काढून स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं घासावी. साबण लावू नये, तो बारीक छिद्रांत बसतो. तडा दिसला तर कँडल बदलावीच, कारण पाणी न गाळताच तड्यातून खाली उतरतं. वायसर घट्ट आहे का बघावं. खालचा डबा न् तोटी उकळत्या पाण्यानं धुवावी. बोअरचे क्षार मात्र कँडलीत अडत नाहीत.

२०१६ला आमच्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आता दारोदार विकतचा जार येतो. तो कोण धुतो, कवा धुतो, आपल्याला दिसत नाही. फिल्टर निदान आपल्या हातचा. मात्र फडक्यासारखं हे कामही एकट्या बायांवर टाकू नका. पोरांनाही कँडल घासायला शिकवा.