सबटायटलच्या अक्षरांचे ओझे

परदेशी चित्रपट सुरू होतो. चित्र स्वच्छ असते, ध्वनीही खणखणीत असतो. पण पडद्याच्या तळाशी जेथे भाषांतर दिसायला हवे तेथे काहीच उमटत नाही, किंवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. डिजिटल चित्रपटगृहात असे घडले तर दोष भाषांतराचाच असतो असे नाही. भाषांतरासोबत पाठवलेली फॉन्टची फाइल प्रमाणाबाहेर मोठी असणे, हेही त्याचे कारण असू शकते.

हॉलिवूडमधील सात बड्या स्टुडिओंनी २००२ मध्ये ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ (डीसीआय) ही संस्था स्थापन केली. तिने जुलै २००५ मध्ये डिजिटल प्रक्षेपणाच्या तांत्रिक निकषांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. रिळांची जागा घेणाऱ्या या व्यवस्थेत चित्रपट ‘डिजिटल सिनेमा पॅकेज’ अर्थात डीसीपीच्या रूपात चित्रपटगृहात पोहोचतो. त्यात चित्र, ध्वनी आणि सबटायटल यांच्या फाइल स्वतंत्र असतात. रिळांच्या काळात सबटायटल प्रिंटवरच कोरावे लागे. त्यामुळे प्रत्येक भाषेसाठी वेगळी प्रिंट लागत असे. आता चित्र तेच ठेवून केवळ मजकुराची छोटी फाइल बदलली की काम भागते.

ही फाइल एक्सएमएल स्वरूपाची असते. कोणते वाक्य, कोणत्या क्षणी, पडद्यावर कोठे दिसावे आणि केव्हा पुसले जावे, याच्या सूचना तीत असतात. अक्षरांचे आकार मात्र तीत नसतात. ते सोबतच्या फॉन्टमधून घेतले जातात आणि चित्रपट चालू असताना प्रोजेक्टर किंवा सर्व्हर ती अक्षरे चित्रावर उमटवतो.

६४० केबीची चौकट

डीसीपीचे दोन प्रकार आढळतात. ‘इंटरॉप’ हा जुना, तर ‘एसएमपीटीई’ हा त्यानंतरचा प्रमाणित प्रकार. इंटरॉपमधील सबटायटलची पद्धत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘सिनेकॅनव्हास’ तंत्रावर आधारलेली आहे. त्या काळच्या यंत्रांत अक्षरे उमटवणाऱ्या भागाची स्मृती बेताची होती. म्हणून फॉन्टची फाइल ६४० किलोबाइटच्या आत ठेवण्याचा दंडक पडला. एसएमपीटीई प्रकाराच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरडीडी ५२ या दस्तऐवजात फॉन्टची एकूण मर्यादा १० मेगाबाइट आहे.

डीसीआयच्या निकषांनुसार चित्राचा वेग सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत असू शकतो. या कमाल वेगाने दोन तासांच्या चित्रपटाचे नुसते चित्रच २२५ गिगाबाइट भरते. त्याच्या जवळपास साडेतीन लाखांव्या हिश्श्यात अक्षरांनी मावायचे असते. मर्यादा ओलांडल्यास सर्व यंत्रे सारखी वागत नाहीत. एखादे यंत्र स्वतःजवळचा ठरावीक फॉन्ट वापरते, तर एखादे सबटायटल दाखवतच नाही. त्यामुळे स्टुडिओतील संगणकावर निर्दोष दिसलेले काम चित्रपटगृहात बिघडू शकते.

कोणत्या लिपीला अडचण?

रोमन लिपीत अक्षरे मोजकी, म्हणून तिला ही मर्यादा पुरेशी वाटते. तरीही विंडोजसोबत येणाऱ्या एरियलच्या अलीकडच्या आवृत्त्या ६४० केबीहून मोठ्या आहेत. कारण त्यांत ग्रीक, सिरिलिक, हिब्रू, अरबी अशा इतर लिपीही सामावलेल्या असतात. खरी कोंडी होते ती पूर्व आशियाई लिपींची. जपानच्या जेआयएस एक्स ०२०८ या मानकात ६,३५५ कांजी चिन्हे आहेत, तर चीनच्या जीबी २३१२ मध्ये ६,७६३ चिन्हे. २०१४ मध्ये गुगल आणि अडोबी यांनी आणलेल्या चिनी-जपानी-कोरियन फॉन्टमध्ये प्रत्येकी ६५,५३५ आकृत्या होत्या. असा संपूर्ण फॉन्ट १० एमबीच्या मर्यादेतही बसत नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे फॉन्टची छाटणी. सबटायटलमध्ये प्रत्यक्ष आलेली अक्षरे तेवढी ठेवून उरलेली काढून टाकली जातात. चित्रपटाच्या संवादांत लिपीतील सगळी चिन्हे येत नाहीत, त्यामुळे फाइल पुष्कळ लहान होते. मात्र छाटणी मजकूर अंतिम झाल्यावरच करायला हवी. नंतर एखादे नाव दुरुस्त करताना नवे अक्षर आले आणि जुनाच छाटलेला फॉन्ट राहिला, तर नेमके तेच अक्षर गायब होते. शिवाय छाटणीस फॉन्टचा परवाना मुभा देतो का, हेही पाहावे लागते.

देवनागरीचा प्रश्न निराळा

देवनागरीला युनिकोडने १२८ स्थाने दिली आहेत आणि तिचे बहुतेक फॉन्ट काही शे केबीत मावतात. म्हणजे येथे अडचण वजनाची नाही, जोडणीची आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. संगणक त्यातील वेलांटी ‘व’नंतर साठवतो, ती ‘व’च्या आधी काढणे, ‘द’ आणि ‘य’ यांचे जोडाक्षर करणे, रफार ‘थी’वर चढवणे ही कामे अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रणेने करायची असतात. यंत्रात ही सोय नसेल तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात आणि शब्द वाचवत नाही.

छाटणीतही हाच धोका असतो. जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाहीत; त्यांच्या आकृत्या फॉन्टच्या आत असतात. केवळ क्रमांक पाहून छाटणी करणारे साधन त्या निरुपयोगी समजून काढून टाकते. फॉन्टमधील जोडणीचे नियम वाचणारे साधनच येथे उपयोगी पडते.

जेथे यंत्रणेचा भरवसा नाही, तेथे प्रत्येक ओळीचे पीएनजी चित्र करून पाठवतात. चित्रात फॉन्टचा प्रश्नच उरत नाही आणि अक्षरे जशी रचली तशीच दिसतात. पण ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुधारायची तर ते चित्र पुन्हा तयार करावे लागते. दुसरा पर्याय अक्षरे मूळ चित्रातच मिसळण्याचा. तो सर्वांत निर्धोक असला, तरी प्रत्येक भाषेसाठी वेगळे चित्र करण्याची रिळांच्या काळातील कटकट त्यात परत येते.

म्हणूनच प्रदर्शनापूर्वी तपासणी करताना केवळ संगणकावर विसंबून चालत नाही. ज्या प्रोजेक्टर आणि सर्व्हरवर खेळ होणार आहे, त्यांवरच सबटायटल चालवून पाहणे आवश्यक असते. या तपासणीला काही मिनिटे पुरतात. ती टाळली तर भाषांतरकाराची मेहनत फाइलमध्ये असूनही प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.