उज्जैनची वेधशाळा आणि घड्याळातली २७ मिनिटे

उज्जैनला गेलेला मराठी प्रवासी महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेच्या घाटावर जातो आणि हाताशी वेळ उरलाच तर रिक्षावाल्याला 'जंतर मंतर' असे सांगतो. तेथे त्याला कोठेच न पोहोचणारा एक जिना दिसतो. जिन्याच्या दोन्ही अंगांना दगडी कमानी आहेत, त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा आहेत. प्रवासी सावली कोठे पडली आहे ते पाहतो, मग मनगटावरचे घड्याळ पाहतो आणि हसतो. यंत्र जवळजवळ अर्धा तास मागे आहे! आजचा धागा त्या हसण्याविषयी आहे.

तो जिना म्हणजे सम्राट यंत्र. जिन्याच्या भिंतीची तिरपी कड जमिनीशी जो कोन करते, तो उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून किंचित अधिक आहे. त्यामुळे ती कड थेट आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेली, पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशी आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तशी तिची सावली कमानीवर तासाला १५ अंश सरकते. सकाळी पश्चिमेच्या कमानीवर, दुपारनंतर पूर्वेच्या. या यंत्रात बिघडण्यासारखे काही नाही.

मग फरक कशाचा? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची आहे. उज्जैन ७५ अंश ४६ कलांच्या आसपास. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटे लागतात, म्हणून उज्जैनचा मध्यान्ह मिर्झापूरच्या मध्यान्हानंतर सुमारे २७ मिनिटांनी होतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे खरा सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे होत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यास सावली घड्याळाच्या सुमारे ४१ मिनिटे मागे दिसेल, तर नोव्हेंबरच्या आरंभी केवळ ११. सावली उज्जैनची वेळ सांगते, आणि आपल्या मनगटावर वेळ असते ती मिर्झापूरची.

एके काळी प्रत्येक गावाची वेळ त्याची स्वतःची होती. १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ लागू केली तेव्हा मुंबईने ती निमूटपणे स्वीकारली नाही. ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबईची वेळ' शहरातील काही घड्याळांवर १९५५ पर्यंत टिकून राहिली. उज्जैनच्या बाबतीत मात्र हा बदल अधिक बोचरा आहे. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत लंका, अवंती आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी रेषा हीच शून्य रेखा होती आणि बाकीच्या गावांचे देशांतर तिच्यापासून मोजले जाई. अरबी ग्रंथांत उज्जैनचे 'अरीन' झाले, आणि त्याच नावाने ते युरोपीय भूगोलातही गेले. इतरांना शून्य पुरवणारे नगर आज दुसऱ्याच्या रेषेवर चालते.

ही वेधशाळा उभारणारा सवाई जयसिंह (१६८८–१७४३) याची अडचण साधी होती: कोष्टकांतून गणित करून काढलेले ग्रह आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे ग्रह जुळत नव्हते. पितळेची यंत्रे लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र ढळते, ही तक्रार त्याच्या 'झीज-ए-मुहम्मदशाही'च्या प्रस्तावनेत नोंदलेली आहे. म्हणून त्याने चुना आणि दगड घेतले आणि दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी, उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहता यावा, हा त्यामागचा हेतू. मथुरेची आता उरलेली नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. या यंत्रांवर 'नासापेक्षा अचूक' अशी वाक्ये लिहून फिरवणाऱ्यांनी दुपारी कमानीजवळ वाकून सावलीची कड नीट पाहावी. ती रेघेसारखी नसते, विरत गेलेली असते. सूर्यबिंब आकाशात अर्धा अंश रुंद आहे आणि तेवढे सरकायला त्याला २ मिनिटे लागतात. यंत्र कितीही मोठे बांधले तरी ही उपच्छाया जात नाही, ती चतुराईने वाचावी लागते. जयसिंहाला दुर्बीण ठाऊक होती, तरी तिच्यावर त्याने आपले शास्त्र उभारले नाही. त्याची यंत्रे एका थोर परंपरेच्या अखेरीची आहेत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आपले गणित आकाशापुढे तपासायला ठेवण्याचे धैर्य त्याच्यात होते.

आता मराठ्यांचा संबंध. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या तेव्हा जयसिंहाने त्यांचा मोठा सन्मान केला. माळव्याचा हाच सुभेदार पुढे पेशवे आणि बादशहा यांच्यातला मध्यस्थ झाला, आणि १७४१ मध्ये माळव्याची नायब सुभेदारी बाळाजी बाजीरावांकडे आली. उज्जैन शिंद्यांची राजधानी झाले. महाकालाचे मंदिर मराठी अमदानीत पुन्हा उभे राहिले. वेधशाळेकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. तलवारीच्या इतिहासात रमणाऱ्या आपल्या पिढीने हेही नोंदवून ठेवावे.

ते लक्ष गेले १९२३ मध्ये, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या काळात. सिद्धान्तवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या शिफारशीवरून वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. मागच्या काही दशकांत केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि टिळक यांनी महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा प्रश्न धगधगता ठेवला होता. पंचांगातली तिथी आकाशाशी जुळते का, हा जयसिंहाचाच प्रश्न मराठी विद्वान पुन्हा विचारत होते. वेधशाळा दुरुस्त झाली ती पुन्हा वेध घेण्यासाठी. १९४२ पासून तेथून दरवर्षी ग्रहांची दैनिक स्थिती देणारे पंचांगही निघू लागले.

तेव्हा जाल तर आकाश निरभ्र असताना जा. नाडीवलयाची तबकडी विषुववृत्ताला समांतर आहे. तिच्या उत्तर बाजूवर ऊन असेल तर सूर्य उत्तर गोलार्धात आहे, दक्षिण बाजूवर असेल तर दक्षिणेत. मग आपट्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या शंकुयंत्रापाशी थांबा. वाटोळ्या ओट्याच्या मध्यभागी उभा शंकू आहे आणि ओट्यावर सात रेषा आखलेल्या आहेत. सावलीचे टोक उन्हाळ्यात एका बाजूला वाकलेल्या रेषेवरून जाते, हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला वाकलेल्या रेषेवरून. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका सरळ रेषेवरून चालते. तेवढा वेळ नसेल तर अर्धा तास तरी बसा, टोकापाशी एक खडा ठेवा आणि तो सावलीबाहेर पडताना पाहा.