देहातली अफू

बैल उधळला की माणूस त्याच्यामागे अनवाणी धावतो. पायाला दगड लागतो, रक्त येतं, पण तेव्हा पत्ताच नसतो. बैल दावणीला बांधून ओसरीवर टेकलं, की मग कळ सुरू होते. इतका वेळ ही वेदना कुठं दडली होती? या कोड्याच्या उत्तराचा एक मोठा भाग गेल्या अर्धशतकात हाती आला. त्याची ही हकीकत.

ज्या झाडाची खसखस आपण अनारशाला लावतो, त्याच्याच हिरव्या बोंडाचा चीक म्हणजे अफू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्यानं अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं. त्यानं वेदना शमे, पण व्यसनही जडे. मात्र झाडाचा चीक माणसाच्या मेंदूवर चालतो तरी कसा?

१९७३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं, की मेंदूत मॉर्फीन नेमकं बसावं अशी ठिकाणं आहेत. कुलपात किल्ली बसावी ना, तशी! त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमधूनही हेच निष्कर्ष आले. आता बघा, अफूची वाट पाहत निसर्गानं कुलूप बसवलं नसणार. कुलूप घरातलं, तर किल्लीही घरातलीच असली पाहिजे.

ती किल्ली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गावी सापडली. सत्तरी गाठलेले हान्स कॉस्टरलिट्झ आणि तरुण जॉन ह्यूज हे दोघं कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणून त्यांचा अर्क काढीत. विजेच्या झटक्यानं आकसणारा गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा मॉर्फीननं शांत होई, तसाच या अर्कानंही होई. मॉर्फीनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन घातलं, की तो परिणाम नाहीसा होई. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांनी या द्रव्याची घडण जाहीर केली. पाच-पाच मण्यांच्या दोन माळा, फरक फक्त शेवटच्या मण्याचा. नाव ठेवलं एन्केफलिन. १९७६ मध्ये सी. एच. ली यांना उंटाच्या पोषग्रंथीत एकतीस मण्यांची माळ मिळाली, ती बीटा-एंडॉर्फिन. एंडॉर्फिन म्हणजे देहातलंच मॉर्फीन.

मग व्यसनाविना वेदना घालवणारं औषध मिळालं का? नाही. एन्केफलिन शरीरात चटकन मोडून जातं आणि बाहेरून वारंवार दिलं तर या द्रव्यांचीही सवय लागते. खिन्नतेवरही प्रयोग झाले, पण सर्वांना लागू पडेल असा उपाय हाती आला नाही. मात्र एन्केफलिन मोडणं रोखणारं रेसेकॅडोट्रिल हे औषध आज जुलाबांवर देतात. शोध निघाला एका वाटेनं, उपयोग झाला दुसऱ्या वाटेवर!

गुरुजनहो, एक प्रयोग मुलांना जरूर सांगा. १९७८ साली सान फ्रान्सिस्को येथील लेव्हीन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांना औषध म्हणून नुसतंच निरुपद्रवी द्रव्य टोचलं. काहींना खरोखर उतार पडला. पुढं नॅलॉक्सोन दिल्यावर त्यांची वेदना पुन्हा वाढली. म्हणजे त्यांना आलेला आराम हा भास नव्हता. विश्वासानं देहातलीच अफू पाझरली होती.

याचा अर्थ धीर दिला की औषध नको, असा नव्हे. दुखणं खरंच असतं, त्याला वैद्य हवाच. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून बोललेला मायेचा शब्द वाया जात नाही, एवढं मात्र आपण पुराव्यानिशी म्हणू शकतो.