मान आणि वेळ

२८ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीत चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली. अशा गाडीत ब्रेकचा हुकूम क्षणभर उशिरा आला, तर तो चुकलाच! म्हणून तत्काळ कार्य करणाऱ्या संगणकांची आज्ञावली रचताना कामांचे मान ठरवितात; वरिष्ठ काम येताच कनिष्ठाने थांबावे.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात मात्र हवामान नोंदविणाऱ्या कनिष्ठ कामाने सामाईक साधनाची किल्ली धरली, मधल्या कामांनी त्यालाच अडविले आणि वरिष्ठ काम ताटकळले. कचेरीत कारकुनाच्या कपाटात फाइल अडकावी, तसेच हे. दिरंगाई दिसताच संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होई. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिरूप यंत्रात दोष पकडला आणि यानाकडे दुरुस्ती धाडली: किल्ली हाती असेपर्यंत कनिष्ठालाही वरिष्ठाचाच मान.