द्रवस्थिति-परीक्षण, जीर्ण फुप्फुसविकारातील

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत व ऊतकांत द्रवाची तूट आहे की अतिरेक, आणि शिरेवाटे आणखी द्रव दिल्यास हृदयाचे रक्तोत्क्षेपण वाढेल किंवा नाही, याचा निर्णय करण्याच्या प्रक्रियेस द्रवस्थिति-परीक्षण म्हणतात. वातस्फीती, जीर्ण श्वासनलिकादाह अथवा फुप्फुसाचे तंत्वीभवन ज्यास आधीपासून जडलेले आहे अशा रुग्णात हा निर्णय विशेष बिकट होतो. कारण ज्या चिन्हांवर वैद्याची भिस्त असते, तीच मूळ विकाराने दूषित झालेली असतात.

फुप्फुस-रोहिणीतील दाब वर्षानुवर्षे चढा राहिल्याने उजवे निलय ताणले जाते, मानेतील नीला फुगतात आणि पायांवर सूज येते. तथापि त्याच रुग्णास जंतुदोष झाला असता रक्तवाहिन्यांत द्रवाची खरीखुरी उणीव असू शकते. शिवाय उच्छ्वास पुरा होण्यापूर्वीच पुढला श्वास सुरू झाल्याने छातीत हवा कोंडते व तेथील दाब चढा राहतो. पेपे व मरिनी यांनी १९८२ मध्ये वर्णिलेला हा प्रच्छन्न दाब हृदयाकडे परतणारे रक्त अडवून रक्तदाब उतरवतो, मध्यवर्ती नीलादाबाचा आकडा मात्र चढवून दाखवतो. म्हणून श्वसनयंत्रावरील रुग्णाचा रक्तदाब एकाएकी कोसळल्यास श्वसनयंत्राची नळी क्षणभर विलग करून पाहतात; दाब सावरला, तर दोष द्रवाच्या तुटीचा नसून कोंडलेल्या हवेचा ठरतो.

द्रव दिल्याने लाभ होईल का हे आजमावण्यासाठी पाय उचलण्याची चाचणी करतात. रुग्णास अर्धवट बसलेल्या स्थितीतून आडवे करून त्याचे पाय सुमारे ४५ अंशांत उचलले असता अदमासे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे सरकते. मिनिटभरात उत्क्षेपण १० टक्के वा अधिक वाढल्यास द्रव गुणकारी होण्याचा संभव असतो. नाडीदाबाचे श्वासागणिक होणारे चढउतार मात्र, रुग्ण स्वतः श्वास घेत असल्यास किंवा उजवे निलय दुर्बळ असल्यास, फसवे असतात. फुप्फुसाच्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या बी-रेषा (फुप्फुसाच्या पृष्ठभागापासून खाली जाणारे उजळ उभे पट्टे) निव्वळ वातस्फीतीत सहसा नसतात, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंस नव्याने उमटल्या तर फुप्फुसशोफाचा संशय बळावतो. तंत्वीभवनात त्या कायमच्याच असल्याने पूर्वीच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावाचून त्यांना अर्थ नाही.

अतिरिक्त द्रवाचा उपद्रव पुष्कळदा यंत्र काढण्याच्या वेळी प्रकट होतो. यंत्राविना श्वास घेताना छातीतील दाब ऋण होऊन डाव्या निलयावरील भार वाढतो. लमेर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यंत्र काढता न आलेल्या १५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रल औषधांच्या उपचारानंतर त्यांपैकी ९ जण यंत्रमुक्त होऊ शकले. यास्तव वारंवार यंत्रावर परतणाऱ्या रुग्णात केवळ फुप्फुसास दोष न देता द्रवाचा जमाखर्चही नव्याने तपासणे अवश्य मानले जाते.