जिवंत आमिष

इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक परगण्यात उथळ सरोवरांची एक मालिका आहे. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीटची माती खणून नेली आणि मागे राहिलेले खड्डे पुढे पाण्याने भरले. जानेवारीत तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. पाणवनस्पती कुजून गेलेल्या असतात. आडोसा हरपल्यामुळे लहान मासे खोल, निवाऱ्याच्या जागी दाटी करतात. त्यांच्यामागून पाइक येतो. आपल्याकडील मरळ माशाप्रमाणे हाही दबा धरून बसणारा शिकारी. थंडीने त्याची हालचाल मंदावते, पण भूक सरत नाही. म्हणूनच पाइकसाठी गळ टाकावयाचा तो हिवाळ्यात, असा इंग्रज शौकिनांचा जुना परिपाठ आहे. गळाला टोचलेला जिवंत रोच मासा पाण्यात सोडावयाचा आणि वर तरंगणाऱ्या बुचाकडे पाहत नावेत थंडीने काकडत बसावयाचे. कधी बूच एकाएकी थरथरू लागते. पाइक जवळ आल्याची वर्दी त्या बांधलेल्या जिवाकडून अशी मिळते.

ही रीत पुरातन आहे. १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापल्या गेलेल्या, परंपरेने ज्युलिआना बर्नर्स या विदुषीच्या नावावर असलेल्या गळविद्येच्या प्रबंधात पाइकसाठी मानेच्या कातडीखालून गळ ओवलेला बेडूक सांगितला आहे. शिवाय मौज हवी असेल तर दोर हंसपक्ष्याच्या पायाला बांधावा आणि दोघांची ओढाताण पाहावी, अशीही सूचना त्यात आहे! आमिष झालेल्या जिवाचा विचार तेथे नाहीच.

आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या १६५३ सालच्या सुप्रसिद्ध ग्रंथात स्वर पालटतो. तोही बेडूक गळावर चढवितो, त्याचा पाय रेशमी धाग्याने तारेला शिवतो. पण हे सारे ममतेने करावे असे बजावतो. कारण उघड आहे: बेडूक जितका अधिक काळ जगेल तितका तो उपयोगी. पर्च मासा गळावर सर्वांत दीर्घकाळ टिकतो, म्हणून त्याच्या पाठीचा पर कापून त्याला लावावे. कापल्याने त्याला इजा होत नाही, असेही तो सहज सांगून जातो. वॉल्टन क्रूर नव्हता, धर्मशील होता. पण त्याची ममता हत्यार जपणाऱ्या कारागिराची आहे. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गात बायरनने त्याचा समाचार घेतला, तोही जहाल शब्दांत: या म्हाताऱ्याच्याच घशात गळ अडकवून तो माशाकडून ओढवावा, असा त्याचा आशय आहे.

शौकिनांवर या उपहासाचा फारसा परिणाम झाला नाही. फरक घडला तो साधनांत. पाइक सावज आडवे धरतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. जुने शिकारी तो गिळेपर्यंत थांबत, आणि गळ त्याच्या पोटात जाई. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड जार्डिनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, दोन तिटोकी गळांच्या जोडणीमुळे पाइकने झडप घालताच दोर ओढता येऊ लागला. पुढे शौकीन पाइकला जिवंत सोडून देऊ लागले, त्यास ही जोडणी उपकारक ठरली. दयेचा पहिला लाभ असा भक्षकाला झाला. आमिषाची स्थिती होती तशीच राहिली.

त्याला संरक्षण मिळाले तेव्हा दया हे त्याचे एकच कारण नव्हते. स्कॉटलंडच्या लॉक लोमंड सरोवरात १९८२ साली रफ नावाचा परका मासा आढळला. पाइकसाठी बाहेरून आणलेल्या जिवंत आमिषातून उरलेले मासे पाण्यात सोडले गेले असावेत, असे मानले जाते. तेथील दुर्मिळ पोवान मासा हिवाळ्यात अंडी घालतो, आणि रफ ती खाऊन टाकतो. हिवाळी दिवसाची करमणूक आटोपून रिकामी केलेली एखादी बादली एका जातीच्या मुळावर यावी, हे वॉल्टनच्या कल्पनेतही आले नसते. अखेर २००७ च्या कायद्याने स्कॉटलंडने गोड्या पाण्यात जिवंत पृष्ठवंशी प्राण्यांना आमिष म्हणून वापरण्यास बंदी केली. इंग्लंडने तितके केलेले नाही.

गांडुळाला पाठीचा कणा नाही. ते या कायद्याबाहेर राहिले.